आमची वाटचाल : इतवारीच्या तेलापासून चेहऱ्याच्या बाटलीपर्यंत

सासऱ्यांचं नागपूरच्या इतवारीत तेलाचं दुकान आहे. तीळ, करडी, शेंगदाणा, जवस, आणि लहान बाळ असलेल्या घरात हमखास जाणारं एरंडेल. मी लग्न होऊन या घरात आले ती केमिस्ट्रीची बीएस्सी करून, त्यामुळे डब्यावरचं लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड होतीच. चेहरा धुवायचं तेल करून विकावं हे त्या दुकानातच सुचलं. कच्चा माल आजही तिथूनच येतो.

नागपुरात उन्हाळ्यात गाडीवरून जाणाऱ्या पोरी बघा. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, त्याखाली सनस्क्रीनचा थर, काजळ, आणि या सगळ्यावर घाम नि धूळ. सनस्क्रीन, काजळ आणि त्वचेतून सुटणारं तेल हे नुसत्या पाण्याला दाद देत नाही. फेसवॉशने खसाखसा धुतलं तर निघतं, पण नंतर चेहरा ओढल्यासारखा होतो. तेलात मात्र हे सगळं आपसूक सुटतं. हाताला लागलेलं ग्रीस मेकॅनिक रॉकेलने काढतो, तसंच. तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तेलानं तेल काढायचं म्हंजे काय जी ताई?”

कृती मी विचारेल त्याला सांगते, लपवण्यासारखं काही नाही. १०० मिलीसाठी २५ मिली एरंडेल आणि ७५ मिली तिळाचं तेल. काचेची बाटली पूर्ण कोरडी हवी. त्यात ओता, हलवा, झालं. त्वचा तेलकट असेल तर एरंडेल ३० मिलीपर्यंत न्या, कोरडी असेल तर १० वर आणा. एरंडेल इतकं दाट असतं की एकटं नीट पसरतच नाही, तीळ त्याला पातळ करतो. लावताना हातही कोरडा आणि चेहराही. मिनिटभर हलक्या बोटांनी फिरवायचं. मग कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला मऊ सुती पंचा चेहऱ्यावर क्षणभर धरायचा आणि पुसायचं, रगडायचं नाही. पंच्यावर नाकाच्या जागी काळपट आणि कपाळाच्या जागी पिवळसर डाग उतरतो. आमची अर्धी विक्री त्या डागाने केली आहे. जाहिरातीवर फारसा खर्च झालाच नाही.

तीळच का? आमच्या उन्हामुळे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कुरिअरच्या गाडीत तर बोलायलाच नको. उष्णतेत तेल खवट होतं. तिळात निसर्गतःच सेसमॉलसारखी द्रव्यं असतात, ती खवटपणा लांबवतात. वर आम्ही थोडं व्हिटॅमिन ई घालतो आणि गडद तपकिरी बाटली वापरतो. जवस विदर्भाचंच, पण हवेत फार लवकर बिघडतं, म्हणून बाद. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, डिसेंबरात बाटलीतून निघतच नाही. शिवाय पिंपल्सवाल्यांना ते बरेचदा मानवत नाही.

आणि संत्रं! नागपूरचा माल आणि त्यात संत्र्याचा वास नाही, हे गिऱ्हाईकाला पटत नाही. पॅकेटवर संत्र्याचं चित्र टाकलं तर दुप्पट खपेल, हे मलाही कळतं. पण संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन असतं, त्याचा हवेशी संयोग झाला की काहींच्या त्वचेला ॲलर्जी होते. चेहऱ्यावर तो खेळ नको. संत्रं बर्फीत खावं.

लायसन्सचं थोडक्यात सांगते. घरी स्वतःसाठी करायला कोणी अडवत नाही, पण विकायचं म्हटलं की १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू होतात. स्वतंत्र जागा, प्रशिक्षित माणूस, बॅच नंबर, सगळं लागतं. माझी बीएस्सी इथे कामी आली. जाऊबाई बॅचचं रजिस्टर सांभाळतात, आणि त्यात खाडाखोड चालत नाही, मलासुद्धा.

ज्यांना पंच्याचा उपद्व्याप नको, त्यांच्यासाठी दुसरा प्रकार काढला. त्यात पॉलिसॉर्बेट ८० आहे, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य. पाणी लागलं की तेल दुधासारखं पांढरं होऊन धुऊन जातं. हाच जास्त खपतो. मला स्वतःला पहिलाच आवडतो.

पहिल्यांदा घेणाऱ्याला कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायला सांगतो. पू भरलेल्या पुळ्या असतील तर बाटली देत नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे जा म्हणतो. रिकामी बाटली आणली तर थोड्या कमी दरात भरून देतो, पण ती कोरडी असेल तरच. नुसत्या तेलात जंतू वाढत नाहीत, पाणी गेलं की वाढू शकतात. धुऊन तशीच निथळती बाटली घेऊन येणाऱ्यांना जाऊबाई दारातूनच परत पाठवतात.