तुम्ही विचारलंत म्हणून: एम्युलेटर आहे ना, मग हा उपद्व्याप कशाला?

मोबाईलवर एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट मिळतो, मग तो खोका टीव्हीला जोडायचा हट्ट कशासाठी? लग्नात विचारतात, ऑफिसात विचारतात. एकदाच काय ते लिहून टाकतो.

खोका म्हणजे ४८के स्पेक्ट्रम, सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर. डेसीबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवाना घेऊन इथे काढला तो नव्हे, मामाने इंग्लंडहून आणलेला, रबरी बटणांचा. 'एक केबल लावली की झालं' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, त्याला टीव्हीसाठी एकच भोक आहे आणि ते अँटेनाचं. आतला मॉड्युलेटर, म्हणजे पत्र्याची एक डबी, चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनेलवर सोडते. टीव्हीने ते स्टेशनसारखं पकडायचं. जुना टीव्ही मुंग्यांसकट जे येईल ते दाखवायचा. नव्याला सिग्नल पटला नाही की तो सरळ निळा पडदा टाकतो.

गणपतीत तेच झालं. हॉल भरलेला, मामा मुद्दाम समोर बसलेला. मॅन्युअल ट्यूनिंग करत करत राखाडी पडदा आला, तळाशी सिंक्लेअरची १९८२ सालची ओळ. मी 'मामा, बघ' म्हणेपर्यंत निळं. परत ट्यून केलं, परत निळं. कोणीतरी मोदक पुढे केले. तेवढ्यात भाच्याने मोबाईलवर एम्युलेटर उतरवला, गेम चालू केला आणि फोन मामाच्या हातात दिला. मामा खुश! म्हणाला, "अरे, हेच ना ते?" मग पोरं त्याच्याभोवती जमली आणि मी टीव्हीमागे वायर गुंडाळत बसलो.

हेच ते. चिडण्यासारखं त्यात काय होतं? पण चिडलो.

नंतर मॉड्युलेटर बाजूला काढून व्हिडिओची तार थेट सॉकेटला डकवली. ट्यूनिंगची कटकट गेली, दुसरी आली. स्पेक्ट्रम दर फ्रेमला त्याच ३१२ रेषा पाठवतो. टीव्हीला वाटतं ही अर्धी-अर्धी चित्रं आहेत, म्हणून तो दोन फ्रेम एकमेकींत विणतो. हलणाऱ्या वस्तूला कंगव्याचे दात फुटतात. कॅसेटवरून गेम लोड होताना पडद्याच्या कडेला पट्टे धावतात ना, आधी लाल-आकाशी, मग निळे-पिवळे? ती शोभा नव्हे. टेपचा सिग्नल वरखाली होईल तसा प्रोसेसर कडेचा रंग पालटतो. पट्टे बघून टेपचा आवाज कमी-जास्त करायची सवय होती आम्हाला. इथे त्यांचा नुसता चिखल. घ्या, हे माझं उत्तर: मला ते पट्टे धड बघायचेत.

आता तुम्ही म्हणाल, पट्टे एम्युलेटरवरही दिसतात. दिसतात. माझ्या टीव्हीपेक्षा स्वच्छ दिसतात.

शेवटी स्पेक्ट्रमच्या मागच्या एज कनेक्टरवरून वाय-यू-व्ही, म्हणजे उजेडाचा आणि रंगांचा वेगवेगळा, सिग्नल काढून आरजीबी-टू-एचडीएमआय लावलं. जुन्या कॉम्प्युटरचं चित्र नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला देतं ते. मुळात बीबीसी मायक्रो या त्याच काळातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरसाठी झालेली जोडणी ती. चित्र झकास येतं. पण तिच्या पोटात रास्पबेरी पाय झिरो हा चिमुकला कॉम्प्युटर आहे, एक गिगाहर्ट्झचा. इकडे स्पेक्ट्रम साडेतीन मेगाहर्ट्झचा. म्हणजे जो कॉम्प्युटर एकटा अख्खा स्पेक्ट्रम हसत हसत चालवेल, त्याला मी खऱ्या स्पेक्ट्रमचं चित्र नुसतं पलीकडे पोचवायला बसवलाय.

'खरं मशीन ते खरं मशीन' असं मी पूर्वी सगळ्यांना ऐकवायचो. त्या जुन्या 'मी'ला आज विचारावंसं वाटतं, बाबा रे, यात खरं नेमकं कुठवर? कीबोर्ड खरा, टेप खरी, पण चित्र पडद्यावर पोचवणं पायच्या हातात. तो म्हणेल, मग बंद कर. ते काही मी करणार नाही. का, ते त्यालाही सांगता येणार नाही.

बघायला जरूर या. फक्त हाताला लागेल तो नऊ व्होल्टचा अडॅप्टर स्पेक्ट्रममध्ये खुपसू नका. याला मधे मायनस आणि बाहेरून प्लस लागतं. उलट दिलंत तर रॅम जाऊ शकते.