बँकर सुटेना

माझं रोजचं काम घरांच्या वायरिंगचं. त्यामुळे चिंचवडच्या एका काकांचा फोन आला तेव्हा वाटलं, गच्चीवरच्या खोलीत दोन-चार पॉइंट टाकायचे असतील. वर गेलो तर खोलीभर प्लायवूड, आणि त्यावर कर्जत ते लोणावळा.

काका रेल्वेतून निवृत्त. बरीच वर्षं घाटात बँकर, म्हणजे गाडीला मागून ढकलणारं इंजिन, चालवलेला माणूस. कर्जतला गाडीच्या मागे लागायचं, लोणावळ्यापर्यंत ढकलत न्यायचं, तिथे सुटायचं आणि परत खाली. प्लायवूडवरच्या या मॉडेल रेल्वेचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, पण चढ खऱ्या घाटाचा ठेवलेला: ३७ इंचांना १ इंच. एवढं सगळं करून गाडं अडलं होतं एका ठिकाणी. लोणावळ्याला बँकर सुटत नव्हतं.

जुनं वायरिंग त्यांनीच केलेलं, आणि सुबक होतं. रुळांचे बारा तुकडे, मध्ये प्लास्टिकचे जोड, दर तुकड्याला एक खटका. खटका वर केला की वेग ठरवणारा पहिला रेग्युलेटर, खाली केला की दुसरा. दोन गाड्या वेगळ्या तुकड्यांत असतील तोवर ठीक. पण बँकर गाडीच्या शेपटालाच असतं. दोन्ही इंजिनं एकाच तुकड्यात आली की जेवढे व्होल्ट पुढच्याला तेवढेच मागच्याला. गाडी निघाली की बँकरही निघालंच तिच्यामागून, पार पुण्यापर्यंत.

"तुकडे आणखी लहान करू," मी म्हटलं.

"आणि तेवढे खटके मारायला कोण बसणार? तू?"

भाच्याने परदेशातून डीसीसीचा, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम पाठवायचा, संच आणून दिला होता. तो लावायचा म्हणजे सगळे खटके बाद. प्लायवूडखालून अडीच स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरची लाल-काळी जोडी फिरवली आणि दर तीन फुटांवर तिच्यातून बारीक वायर वर काढून रुळांना डाग दिला. आता सगळ्या रुळांत कायम १५ व्होल्ट, दिशा मात्र सारखी उलटसुलट होणारी. या उलटण्यातच निरोप असतो. लवकर उलटलं, ५८ मायक्रोसेकंदांत, तर 'एक'. १०० किंवा जास्त लागले तर 'शून्य'. इंजिनातला डीकोडर ते वाचतो आणि आपला नंबर आला तरच मोटर फिरवतो. वर्गातल्या हजेरीसारखं, ऐकू सगळ्यांना येतं, 'हजर' एकच म्हणतो. मला हे पचायला वेळ लागला. आमच्या धंद्यात बटण दाबल्यावर वीज पोचते. इथे वीज आधीच पोचलेली असते आणि जातो तो फक्त हुकूम.

गाडी लावण्याआधी नाणं. रुपया दोन्ही रुळांवर आडवा टाकायचा, शॉर्ट होऊन बूस्टर, म्हणजे रुळांना वीज देणारा डबा, तुटला पाहिजे, म्हणजे आपोआप बंद पडला पाहिजे. कर्जतला तुटला. लोणावळ्याला तुटला. मधल्या बोगद्यात टाकला, तर काहीच नाही. दिवा हिरवाच. थोड्या वेळाने उचलायला गेलो आणि बोट भाजलं.

हे बघून पोटात गोळा आला. बूस्टर ५ अँपिअरला तुटणारा. वाटेत ४ ओहमचा अडथळा असला तर १५ व्होल्टवर पावणेचारच वाहतात. बूस्टरला वाटतं, चार-पाच इंजिनं चालली आहेत. आणि रुपयाच्या जागी रुळावरून घसरलेलं चाक असेल तर इंजिनाचं प्लास्टिक वितळायला लागतं. बोगद्यात, कोणाला न दिसता.

बोगद्यात हात घालून आंधळेपणाने दिलेला डाग कोरडा निघाला. वायर नुसती टेकलेली. तिथली वीज शेजारच्या रुळातून, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटमधून येत होती, आणि रूळ गंजलेले दिसावेत म्हणून काकांनी हौसेने मारलेला तपकिरी रंग त्या फिशप्लेटीत शिरला होता. डोंगर उचलून डाग पुन्हा दिला. या वेळी रुपया टाकताच बूस्टर तुटला.

आता गाड्या. कर्जतहून गाडी सोडली तर बँकरही निघालं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्यातून येताना प्रत्येक डीकोडरचा नंबर ३ असतो, दोघेही 'हजर' म्हणत होते. मग मी घाईत दोन्ही इंजिनं रुळावर असतानाच नंबर बदलून १२ केला. झालं, दोघेही १२! शेवटी बाजूच्या फूटभर वेगळ्या रुळावर एकेकाला नेऊन गाडीला ११ आणि बँकरला १२ दिला.

रात्रीचे साडेआठ. काकांनी बँकरचा डब्याला अडकणारा आकडा काढून टाकला, नुसतं टेकवून ढकलायचं म्हणून. डाव्या हातात गाडी, उजव्या हातात बँकर. घाट चढताना दोन्ही बटणं ते डोळे न हलवता फिरवत होते. लोणावळ्याच्या अलीकडे उजवा अंगठा मागे आला. बँकर थांबलं. डबे पुढे सरकले आणि मध्ये बोटभर, मग वीतभर फट पडली.

मी हत्यारं गोळा करायला खाली वाकलो. वर बँकर एकटंच कर्जतकडे उतरायला लागलं होतं.

"बोगद्यातल्या त्या वायरीला खूण करून ठेव रे," काका म्हणाले. "आणि उद्या सकाळी ये. रूळ बदलायचे सांधे राहिलेत."