इंडिकेटर बंद, चारी दिवे मात्र चालू : दोष डॅशबोर्डवरच्या बटणात

पाच गिअरची डिझेल पिकअप. किल्ली ऑन करून डावा इंडिकेटर दिला तर काही नाही, उजवा दिला तरी काही नाही. मीटरमधला हिरवा बाण पेटत नाही, टकटक ऐकू येत नाही. डॅशबोर्डवरचे लाल त्रिकोणाचे बटण दाबले की मात्र चारही कोपऱ्यांतले दिवे अगदी नेमाने उघडझाप करतात. अशा गाडीला पहिला सल्ला मिळतो तो फ्लॅशर (दिव्यांची उघडझाप करणारी छोटी डबी) बदलण्याचा आणि दुसरा स्टेअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच (इंडिकेटरची दांडी असलेला) बदलण्याचा. पहिला इथे बसतच नाही. दुसरा बसू शकतो, पण तो महागडा भाग, शिवाय त्यासाठी स्टेअरिंगही उतरवावे लागते. म्हणून तो मी शेवटी ठेवला.

कारण त्या त्रिकोणाच्या बटणात आहे. ते दिसायला साधे चालू-बंद बटण असले तरी आतून ते दोन वाटांचे असते. बटण वर असताना, म्हणजे चारी दिवे बंद असताना, इंडिकेटरचा करंट त्याच्याच पोटातून जातो: किल्लीकडून फ्यूज, फ्यूजमधून हे बटण, बटणातून फ्लॅशर, तिथून स्टेअरिंगची दांडी आणि मग दिवे. बटण दाबले की किल्लीची वाट तुटते, बॅटरीची थेट लाइन फ्लॅशरला मिळते आणि डावी-उजवी बाजू एकत्र जोडली जाते. म्हणून किल्ली काढलेली असली तरी चारी दिवे चालतात.

म्हणजे चारी दिवे लागत असतील तर बॅटरी, फ्लॅशर, बल्ब, मागे जाणाऱ्या वायरी आणि त्यांचे अर्थिंग हे सगळे ठीक. (काही गाड्यांत चारी दिव्यांसाठी वेगळा फ्लॅशर असतो, तिथे हे अनुमान चालत नाही.) संशयित उरतात तीन: इंडिकेटरचा फ्यूज, त्रिकोणाच्या बटणातला ‘बंद’ बाजूचा संपर्क आणि कॉम्बिनेशन स्विच. एकच बाजू मेली असती तर दांडी किंवा त्या बाजूचे दिवे आधी पाहिले असते. दोन्ही बाजू एकदम गेल्यावर नजर दांडीच्या अलीकडे न्यायची.

फ्यूज पाहण्याची एक सोपी युक्ती गिअरवाल्या गाडीत आहे. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर आणि रिव्हर्स लाइट एकाच फ्यूजवर असतात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर तसे छापलेले असते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबून गिअर रिव्हर्सला टाकायचा आणि किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवायची, स्टार्टपर्यंत नाही. मागचा पांढरा दिवा लागला तर फ्यूज शाबूत आणि किल्लीची लाइनही शाबूत. माझ्या गाडीत तो लागला. मात्र दिवा न लागणे हा फ्यूज उडाल्याचा पुरावा नव्हे. गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच किंवा बल्बही गेलेला असू शकतो. अशा वेळी फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्या दोन्हींवर टेस्ट लॅम्प (करंट आला की पेटणारा तपासणीचा दिवा) लावून बघावा. नुसत्या डोळ्यांनी फ्यूज तपासू नये. बारीक तडा दिसत नाही.

यानंतर एक फुकटची चाचणी: त्रिकोणाचे बटण भराभर पंधरा-वीस वेळा दाबायचे आणि लगेच इंडिकेटर देऊन बघायचा. चालू झाला, मग एखाद्या खड्ड्यात पुन्हा बंद पडला, तर चोर जवळपास सापडलाच. हे बटण महिनोन् महिने कुणी दाबत नाही. त्यामुळे आतला संपर्क घासून साफ होत नाही, चांदीचा मुलामा काळा पडतो, धूळ आणि दमट हवा बसते. आणि त्याच न दाबलेल्या स्थितीत प्रत्येक वळणाचा करंट त्यातून जात राहतो.

तो करंट किती? पुढचा आणि मागचा २१ वॅटचा एकेक बल्ब, बाजूचा ५ वॅटचा छोटा, मिळून ४७ वॅट. १२ व्होल्टला जवळजवळ ४ अँपिअर. त्यात हौदा बांधणाऱ्याने मागे आणखी एकेक २१ वॅटचा दिवा जोडलेला असेल तर ६८ वॅट, म्हणजे साडेपाचच्या वर. चारी दिवे लावले की तोच आकडा ११ अँपिअर ओलांडतो, आणि १० अँपिअरचा फ्यूज का उडत राहतो याचे उत्तर तिथेच मिळते. पिकअपमध्ये हे बटण कारपेक्षा लवकर थकते, त्याला हौद्यावरचे हे हौशी दिवे बरेच जबाबदार असतात.

आता उघडण्याचे काम. गाडी सपाटीवर, हँडब्रेक, चाकाखाली दगड. बॅटरीची निगेटिव्ह दहाच्या पान्याने सोडली. एअरबॅग असेल तर त्यानंतर काही मिनिटे थांबावे. मधली पट्टी बाहेर ओढताना गिअरचा दांडा आड येतो, म्हणून तो दुसऱ्या किंवा चौथ्यात टाकून मागे घेतला. जागा ऐसपैस होते. पट्टीचे स्क्रू लपवलेले असतात, ॲश-ट्रेच्या मागे किंवा एसीच्या नॉबखाली. ते काढल्याशिवाय जोर लावला की क्लिपा तुटतात. थंडीत सकाळी हे प्लास्टिक काचेसारखे कडक असते, गाडी थोडी उन्हात ठेवलेली बरी. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापडी टेप गुंडाळला की ओरखडे येत नाहीत. बटणाच्या दोन्ही बाजूंचे कान मागून दाबले की ते पुढे सरकते. कपलर (मागचा वायरींचा प्लग) सोडण्याआधी फोटो काढावा.

मोजमापासाठी बॅटरी परत जोडावी लागते, आणि त्याआधी गिअर न विसरता न्यूट्रलला. बऱ्याच पिकअप क्लच न दाबताही स्टार्ट घेतात. चौथ्यात ठेवून किल्ली जास्त फिरली तर गाडी पुढे उडी मारते.

बटणाच्या मागे जर्मन पद्धतीचे आकडे असतील तर काम सोपे: १५ म्हणजे किल्लीची लाइन, ३० बॅटरीची, ४९ फ्लॅशरकडे जाणारी, ४९ए फ्लॅशरकडून परत येणारी, एल आणि आर दोन बाजू. आकडे नसतील तर वायरिंगचा नकाशा हवा. रंगांवर भरवसा ठेवू नये. बटणामागे पातळ तीन-चारच वायरी असतील तर ती गाडी नव्या पद्धतीची, कंट्रोल मॉड्यूलला (दिवे चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला) फक्त इशारा देणारी. तिथे पुढचे काही लागू नाही.

कपलर जोडलेलाच ठेवून मागून मल्टिमीटरची पिन घातली. इंडिकेटर बंद असताना १५ वर १२.३ व्होल्ट, ४९ वरही १२.३. इथेच पुष्कळ जण बटणाला निर्दोष ठरवून मोकळे होतात. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे काळवंडलेल्या संपर्कातूनही पूर्ण व्होल्टेज दिसते. डावा इंडिकेटर देऊन पुन्हा पाहिले: १५ वर तेच, ४९ वर ३ ते ५ च्या मध्ये हेलकावणारा आकडा. म्हणजे बाकीचे व्होल्ट बटणातच जिरत होते. निरोगी संपर्कावर भार असताना ०.२ व्होल्टच्या वर घट दिसता कामा नये.

बझरची चाचणीही अशीच फसवी. मीटर दहा-वीस ओहमलाही बिनदिक्कत ‘पी’ करतो. एका बाजूच्या दिव्यांचा पेटलेला रोध अवघा ३ ओहम. वाटेत एक ओहम जरी आडवा आला तरी पाव व्होल्टेज तिथेच खर्च.

खात्रीसाठी बटण काढून कपलरमध्ये १५ आणि ४९ या दोन जागा एका वायरने जोडल्या, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज. दोन्ही इंडिकेटर लगेच चालले. कॉम्बिनेशन स्विच सुटला. हीच जोडणी कायम ठेवून बटण परत बसवण्याचा ‘जुगाड’ मात्र करू नये: कुणी चारी दिवे लावले की बॅटरीची लाइन उलट किल्लीच्या वायरीत शिरते आणि किल्ली काढलेली असतानाही त्या लाइनवरचे सगळे जिवंत राहते.

बटण उघडले ते एका मोठ्या पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून, कारण आतली स्प्रिंग आणि बारीक पिन उडाली की सापडत नाही. चार क्लिपा सोडल्यावर सरकपट्टी बाहेर आली. ‘दाबलेल्या’ बाजूचे ठिपके चकचकीत, ‘बंद’ बाजूचे दोन काळेकुट्ट, त्यातल्या एकाच्या कडेला प्लास्टिक किंचित पिवळट. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून जाड कागदाची पट्टी घासली. राहिलेला डाग दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, हलक्या हाताने. कानस चालवू नये, मुलामा गेला की तो संपर्क महिनाभर टिकत नाही. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको, त्यावर धूळ चिकटते. वर कॉन्टॅक्ट ग्रीसचा अगदी पातळ थर. ठिपक्याला खड्डा पडला असेल किंवा पिनेभोवतीचे प्लास्टिक वितळले असेल तर साफ करण्यात वेळ घालवू नये, नवे घ्यावे.

नवे घेताना जुने सोबत न्यावे. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या बटणांत पिनांची मांडणी वेगळी निघते. दुकानातच मीटर लावून बघता येते: न दाबता १५ आणि ४९ जोडलेले, दाबल्यावर ३० आणि ४९ जोडलेले, तसेच ४९ए, एल आणि आर एकत्र. हे जुळले नाही तर डबी परत.

कपलरकडेही नीट बघा. पिनेवर सैल बसणारी टर्मिनल गरम होते आणि भोवतीचे प्लास्टिक तपकिरी करते. अशा कपलरमध्ये नवे बटणही तसेच जळेल. टर्मिनल बदलून क्रिंप करावी, म्हणजे पकडीने वायरीवर दाबून बसवावी. वायर पिळून टेप मारलेला जोड खडखडाटात सुटतो.

सगळे बसवल्यावर तपासणी या क्रमाने केली: किल्ली ऑनमध्ये डावा, उजवा, किल्ली काढून चारी दिवे, किल्ली ऑन ठेवून चारी दिवे, चारी दिवे बंद केल्यावर पुन्हा डावा, रात्रीच्या दिव्यांसोबत बटणातला छोटा उजेड. उघडझाप मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान हवी. एकाच बाजूला ती दुप्पट वेगाने होत असेल तर त्या बाजूचा बल्ब गेला आहे, किंवा कुणीतरी एलईडी लावला आहे. इंडिकेटर देताच मागचा ब्रेकचा दिवा मंद लुकलुकत असेल तर मागच्या दिव्याचे अर्थिंग कच्चे आहे. त्याचा या बटणाशी संबंध नाही.

कपलरमध्ये हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तो नुसता पुसून काम आवरते घेऊ नये. पाणी वरून येते, बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या रबरातून. एकाने बाहेरून काचेच्या वरच्या कडेवर पाइप धरायचा आणि दुसऱ्याने आत डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघायचे, थेंब कुठल्या वायरीवरून ओघळतो ते. ती गळती आधी भरायची, मग पट्टी बसवायची.