गाण्याचे पैसे कोण देतं?

कॉलर ट्यूनचा मालक स्वतःची कॉलर ट्यून कधी ऐकत नाही. महिन्याला तीसेक रुपये तो मोजायचा आणि गाणं ऐकायचा कोण, तर त्याच्याकडे उसने मागायला फोन करणारा. हा व्यवहार ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला माणसाच्या हौसेची नस बरोबर सापडली होती.

आमच्या नात्यात एके काळी माणसं ट्यूनवरून ओळखायची पद्धतच पडली होती. मामांना फोन लावला की अभंग सुरू व्हायचा. पण मामा फोन उचलण्यात भलते चपळ. टाळ वाजले, गायकाने आलाप घेतला, आता शब्द फुटणार, तोच "हां, बोला!" त्यामुळे मामांचा अभंग नेमका कोणता, यावर आमच्यात आजवर एकमत नाही. मेव्हणे एका पतसंस्थेत वसुलीला होते आणि त्यांच्या फोनवर होती लावणी. हप्ते थकवलेला माणूस जीव मुठीत धरून फोन करायचा आणि त्याच्या कानात ढोलकी कडाडायची. ताई रोज म्हणायची, "अहो, बदला की ते." मेव्हण्यांना ते बदलता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला तरी फोन लावला असताना "ही ट्यून कॉपी करण्यासाठी स्टार दाबा" असं ऐकून त्यांनी स्टार दाबला होता. काढायची असेल तर काय दाबायचं, ते त्या बाईने सांगितलं नव्हतं.

एअरटेलने २००४ मध्ये 'हॅलो ट्यून्स' आणल्या आणि पाठोपाठ सगळ्यांनीच हा धंदा सुरू केला. कॅसेट मरणपंथाला लागली होती, सीडीच्या नकला फूटपाथवर ढिगाने मिळत होत्या. अशा काळात संगीत कंपन्यांना पैसा दिसला तो या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. गाणी त्यांच्याकडे, गिऱ्हाईक आणि बिल फाडायची सोय मोबाइल कंपन्यांकडे. सोयरीक जुळली. मोबाइल कंपनी आपला भलामोठा वाटा काढून घ्यायची, उरलेलं गाण्याच्या मालकाकडे जायचं. विकत घेणाऱ्याने दुकानात जायचं नाही, सुट्टे शोधायचे नाहीत, पैसे बॅलन्समधून आपोआप कापले जायचे. इतके आपोआप, की न मागता लागलेल्या ट्यूनच्या तक्रारी घरोघरी झाल्या आणि २०१३ मध्ये मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायला फर्मान काढावं लागलं: अशी कुठलीही सेवा सुरू करताना ग्राहकाचा दोनदा होकार घ्या. आपल्याकडे लग्नातही कुणी दोनदा विचारत नाही.

त्याच सुमारास गाण्यांचा दुसरा बाजार एसटी स्टँडासमोर भरत होता. कराडच्या स्टँडाजवळ एक मोबाइलचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन खांबांमधली जागा. काचेच्या कपाटात कव्हरं आणि चार्जर, वर एक जाडजूड मॉनिटर, आणि त्याच्यामागे कानात काडी घालून बसलेला पोरगा. दारावर हाताने रंगवलेली पाटी: 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. भरून! जसं काही आत पोकळीच होती. मी एकदा कार्ड पुढे केलं.

"किती जीबी हाय?"

"दोन."

"काय टाकू?"

"जुनी टाक."

"जुनी म्हंजे कुठली? माझी का तुमची?"

प्रश्न रास्त होता. त्याची जुनी म्हणजे आदल्या गणपतीतली. मॉनिटरवर पिवळ्या फोल्डरांची रांग होती आणि त्यांची नावं वाचण्यासारखी होती: 'भक्ती', 'बेंजो', 'मराठी डीजे फुल बास', 'जुने सॅड', 'जुने सॅड नवीन'. तो एकेक गाणं निवडत बसायचा नाही. फोल्डर उचलायचा आणि कार्डात ओतायचा. म्हणून दोन जीबीच्या कार्डात माझ्याकडे आपोआप अहिराणी गाणी आली, एका कीर्तनाचा दुसरा भाग आला (पहिला कुणाच्या नशिबी गेला कोण जाणे), आणि एक भावगीत असं आलं की मधेच एका डीजेचं नाव तीनदा घुमायचं. त्या मुलुखातला जो तो त्याच फोल्डरांवर वाढत होता. शेजारच्या गावच्या लग्नात तेच भावगीत लागलं तेव्हा त्याच जागी तेच नाव घुमलं आणि मांडवातल्या कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

चोरीच होती ती, दुसरं नाव नाही. इथे पैसे देणारा आणि ऐकणारा एकच होता, ही एक गोष्ट मात्र ठीक होती. फक्त गाणाऱ्याला त्यात दमडी नव्हती. दहा-वीस रुपये जायचे ते सगळे कानात काडी घातलेल्या पोराकडे. आणि अजून एक सांगायला हवं. त्या गाण्यांना रेंज लागत नसे. कोयनानगर मागे टाकून गाडी कुंभार्ली घाटात शिरली, तरी कीर्तनाचा दुसरा भाग चिपळूणपर्यंत बिनबोभाट चालायचा.

मोठ्या कंपन्या तेव्हा फोनमध्ये गाणं कायदेशीरपणे कसं घालावं, याच्या खटपटीत होत्या. २००५ मध्ये ॲपल आणि मोटोरोलाने मिळून रोकर नावाचा फोन आणला. तो आयट्यून्सची गाणी वाजवायचा, पण त्यात शंभरच गाणी ठेवता येत. मेमरी शिल्लक असली तरी एकशे एकावं घ्यायचं नाही. त्याच दिवशी, त्याच मंचावर ॲपलने स्वतःचा आयपॉड नॅनो जाहीर केला, त्यात मात्र हजार मावत होती. भागीदाराला पंगतीला बोलवायचं आणि वाढताना हात आखडायचा, असा तो मामला. फोन अर्थातच चालला नाही. दोन वर्षांनी ॲपलने भागीदाराशिवाय आपला फोन काढला, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. नोकियाने २००८ मध्ये वेगळा डाव टाकला. फोन घ्या, वर्षभर हवी तेवढी गाणी उतरवा आणि वर्ष संपल्यावरही ठेवा. कल्पना दिलदार होती. पण बहुतेक देशांत ती गाणी कुलपात असत, त्या फोनवर आणि एका संगणकावर वाजणार, बाहेर काढता येणार नाहीत. स्टँडासमोरच्या पोराकडे कुलूप हा प्रकारच नव्हता. २०११ मध्ये नोकियाने ती योजना बहुतेक देशांत गुंडाळली.

मग ५ सप्टेंबर २०१६ उजाडला. जिओ आलं, आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट. एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजणारी, फोटो उघडायच्या आधी विचार करणारी माणसं लग्नाच्या वरातीचे व्हिडिओ पाठवू लागली. कार्ड भरून देणाऱ्या दुकानांना खरा फटका बसला तो इथे, पोलिसांच्या धाडींनी नव्हे. बरोबर दोन दिवसांनी, ७ सप्टेंबरला, तिकडे कॅलिफोर्नियात ॲपलने हेडफोनची पिन घालायचं भोक नसलेला आयफोन दाखवला. लोक हसले, आणि मग एकेक करत बाकीच्या कंपन्यांनीही भोक बुजवलं. इथे एक बारीकशी चोरी झाली, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. इअरफोनची वायर हीच फोनमधल्या एफएम रेडिओची एरियल असते. वायर गेली, तसा बऱ्याच फोनांमधून रेडिओही गेला. डेटा न लागणारं, खरोखरच फुकटचं गाणं तेवढंच उरलं होतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने कंपन्यांना सूचना केली, की ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे त्यात ती बंद करून ठेवू नका.

आता गाणं रिचार्जबरोबर येतं, चहाच्या पुड्यावर स्टीलचा चमचा यावा तसं. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०१४ चं. २०१८ मध्ये जिओने सावन आपल्यात घेतलं, त्याचं जिओसावन झालं. गंमत अशी की कॉलर ट्यूनसुद्धा जिओने फुकट देऊन टाकली. ज्या तीस रुपयांवर सगळी उतरंड उभी होती, तेच शून्यावर आले. मोबाइल कंपनीला गाण्यातून पैसा काढायचाच नसतो, तिला तुमचं सिम दुसरीकडे जाऊ द्यायचं नसतं. गाणं विकून कमवावं लागत होतं तोवर गाण्याला निदान दुकानात जागा होती.

चमच्याची अडचण ही, की कंपनीच्या मनात आलं तर पुढच्या महिन्यात चमच्याऐवजी गाळणी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने ॲपलशी हातमिळवणी जाहीर केली आणि विंक बंद होणार असल्याचं कळलं. व्यवहार म्हणून त्यात काही गैर नाही. आपलं दुकान चालवत बसण्यापेक्षा दुसऱ्याचा माल ठेवणं स्वस्त पडतं, हे कुठलाही वाणी सांगेल. पण ॲपमध्ये माणसांनी याद्या केलेल्या असतात. आमच्या घरी 'पोळ्या' नावाची यादी आहे. ती बायकोने वर्षानुवर्षं गाणी आतबाहेर करून अशी जमवली आहे, की शेवटचं गाणं संपतं तेव्हा तवा उतरवायची वेळ झालेली असते. ॲप बदललं की गाणी दुसरीकडे मिळतात, अशा याद्या मात्र बरोबर येतीलच असं नाही. कंपनीच्या हिशेबात त्यांना रकानाच नसतो.

कधी ॲप जागेवर राहतं आणि गाणीच उठून जातात. २०१९ मध्ये सारेगामाची गाणी स्पॉटिफायवरून उतरली, आणि सारेगामा म्हणजे जुन्या एचएमव्हीचा सगळा खजिना. करार होऊन ती परत यायला जून २०२० उजाडला. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकच्या गाण्यांचं तेच झालं, काही आठवड्यांनी समेट झाला. यामागे कायद्याची एक मेख आहे. रेडिओवाल्याला ठरलेला दर भरला की गाणं लावता येतं, मालकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. इंटरनेटवरही हीच सवलत मिळावी, असं विंकचं म्हणणं होतं. टिप्स या संगीत कंपनीने त्याविरुद्ध दावा लावला आणि एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिप्सच्या बाजूने निकाल दिला: ही सवलत रेडिओ-टीव्हीच्या प्रसारणाला आहे, इंटरनेटवरून गाणी ऐकवायला नाही. म्हणजे प्रत्येक संगीत कंपनीशी वेगळं बसायचं, वेगळी घासाघीस करायची आणि मुदत संपली की पुन्हा बसायचं. मला हा निकाल पटतो. गाण्याच्या मालकाने आपला भाव स्वतः ठरवावा, हे बरोबरच आहे. फक्त त्यांची बोलणी फिसकटतात तेव्हा पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी बोलावत नाही.

सारेगामाचा आणखी एक उद्योग मला फार आवडतो. २०१७ मध्ये, डेटाच्या पुराला उधाण आलेलं असताना, त्यांनी जुन्या रेडिओसारखा दिसणारा एक डबा काढला. कारवां. पाच हजार गाणी आतच, नेट लागत नाही. आणि तो धो धो खपला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे तो मुलाने न्यू जर्सीहून मागवून पोचता केला. पैसे दिले मुलाने, ऐकतात काका, आणि मुलाचा फोन आला की काका डबा बंद न करताच बोलतात. "आवाज कमी करा ना बाबा." "का? तूच तर दिलायस." इथेही पैसे देणारा ऐकायला नसतो, पण कॉलर ट्यूनच्या बरोबर उलट. ऐकणाऱ्याला देणारा कोण ते पक्कं माहीत असतं.

सगळ्यात वाईट तऱ्हा बसमधली. एकाचा डेटा आणि चाळिसांचे कान. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये इअरफोनशिवाय मोठ्याने ऐकायला बंदी केली. एसटीत कंडक्टर अजून नजरेनेच भागवतो.

माझी आत्या सत्तरीच्या पुढची. मुलाने दिलेल्या स्मार्टफोनवर ती सकाळी ओट्याशी उभी राहून अभंग ऐकते. फोन डब्याला टेकवलेला, पडद्यावर पिठाची बोटं. दोन अभंगांच्या मधे शाम्पूची जाहिरात लागली की ती करवादते, "देवाचं चाललंय आणि ह्यांचे मधेच केस गळतायत." जुलै २०२४ मध्ये बड्या खासगी कंपन्यांचे रिचार्ज महागले तेव्हापासून तिची कुरकुर वाढली होती. तिला हवं असतं ते फोनवर चार माणसांशी बोलणं, बाकी सगळं गळ्यात मारलेलं. ही कुरकुर एकट्या तिची नसणार, कारण त्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना सांगितलं, की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवा. पुढच्या महिन्यात ते आलेही. मी कौतुकाने आत्याला सांगायला गेलो.

"म्हणजे नुसतं बोलायचं?"

"हो. नेट नाही. त्यातल्या त्यात स्वस्तही पडेल."

"आणि सकाळचे अभंग?"

"ते नाही लागणार, आत्या. त्याला नेट लागतं."

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि फोन माझ्याकडे दिला.

"मग राहू दे. आहे तोच भर. त्यात गाणी फुकट तरी आहेत."