पांढरा घुमट, काळवंडलेल्या भिंती : कॅमेरा घेऊन नागपुरात दोन दिवस

अमरावतीहून पहाटेची एसटी धरली आणि साडेनऊच्या सुमारास गणेशपेठच्या स्टँडवर उतरले. पाठीवरच्या सॅकमध्ये जुना घेतलेला कॅमेरा, ५० एमएमची १.८ लेन्स आणि एक वही. यावेळी ऑटो मोडला हात लावायचा नाही, हे घरूनच ठरवून निघाले होते. चुकलं तर चुकू दे, पण का चुकलं ते वहीत लिहायचं. स्टँडबाहेर तर्री पोहे खाल्ले (नागपुरात उतरून हे केलं नाही तर मला आल्यासारखं वाटतच नाही) आणि मावशीकडे सामान टाकून सरळ दीक्षाभूमी गाठली.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली ती ही जागा. सांचीच्या स्तूपाची आठवण करून देणारा हा स्तूप आतून पोकळ आहे. मी याआधी कितीदा तरी इथे आले असेन, पण त्याचा पांढरा रंग कधी इतका नीट पाहिला नव्हता. श्रावणातली उघडीप होती, ऊन स्वच्छ पडलं होतं. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं). कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मधोमध येईल असा शटर स्पीड (उजेड आत येऊ द्यायचा वेळ) लावला, तो आला १/१००० सेकंद. फोटो काढला, सावलीत येऊन स्क्रीन पाहिली आणि मन खट्टू झालं. घुमट राखाडी. मावशी सोबत होती. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अवं, हा असा मळका काऊन दिसून राहिला?"

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर घुमट आहे की डांबरी रस्ता, हे कळत नाही. त्याला फक्त परत येणारा उजेड मोजता येतो, आणि समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो. साधारण १८ टक्के उजेड परत टाकणारा राखाडी. पांढरा घुमट त्याच्या कितीतरी पट उजेड टाकतो, म्हणून कॅमेरा त्याला दाबतो. पुस्तकात हे वाचलं होतं, पण मावशीच्या "मळका" शब्दाने ते डोक्यात बसलं. मग शटर एकेक टप्पा सावकाश करत गेले : १/८००, १/६४०, १/५००, १/४००. १/४०० ला घुमट पांढरा झाला आणि दगडांमधल्या सांध्यांच्या बारीक रेषाही शाबूत राहिल्या. १/२०० ला मात्र त्या रेषा पुसल्या गेल्या, नुसता पांढरा डाग उरला. म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा सव्वा-दीड स्टॉप जास्त उजेड द्यायचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पण दोन स्टॉपच्या पुढे जायचं नाही.

दुपारी झिरो माईलच्या जुन्या दगडी स्तंभापाशी गेले. ऊन डोक्यावर, दगडी घोड्यांच्या पोटाखाली गच्च काळी सावली आणि पाठीवर नुसती चमक. तिथे कलत्या उन्हात जायला हवं, एवढंच लिहून वही मिटली.

दुसरा दिवस चितार ओळीत गेला, आणि खरं सांगायचं तर या प्रवासात मला सगळ्यात जास्त तिथेच मिळालं. महालातली ही मूर्तिकारांची गल्ली गणपतीच्या आधी अशी भरलेली असते की चालताना कुणाच्या तरी ओल्या सोंडेला धक्का लागेल अशी धास्ती वाटते. एका कारखान्यात परवानगी विचारली. "हाव ताई, काढा ना. फक्त हात नका लावू," असं म्हणत काका पुन्हा कामाला लागले.

इथे घुमटाच्या उलटं झालं. धुराने काळवंडलेल्या भिंती, अंधारा कोपरा. मीटरने त्यांनाही राखाडी करून टाकलं आणि मातीचा ओला गडद रंग फिका पडला. इथे एक स्टॉप कमी करावा लागला, तेव्हा कुठे अंधार अंधारासारखा दिसू लागला.

काका डोळ्यांची आखणी करत होते. मूर्तीचं तोंड दाराकडे वळवलेलं. मी विचारलं, वर बल्ब आहे, तो का लावत नाही? "बल्ब वरून सावली पाडते, ताई. पापणी कुठं संपते ते समजत नाही. डोळे दाराच्या उजेडातच काढा लागते."

मी आधी एफ/१.८ वर होते, आयएसओ १६००, शटर १/२००. इतक्या जवळून ब्रशचं टोक धारदार आलं, पण मूर्तीचा दुसरा डोळा धूसर. मग अ‍ॅपर्चर एफ/४ केलं, छिद्र लहान झालं की पुढचं-मागचं जास्त स्पष्ट येतं. उजेड सव्वादोन स्टॉपने घटला, म्हणून शटर १/४० वर आणलं. पहिले चार फोटो हलले. तेवढ्यात लक्षात आलं की रेघ ओढण्याआधी काका श्वास रोखतात आणि रेघ संपली की सोडतात. मी कोपर चौकटीला टेकवलं आणि त्यांच्यासोबत श्वास रोखला. पाचव्या फोटोत ब्रश, बोटांवरचा रंग आणि दोन्ही डोळे स्पष्ट आले. तेवढ्यासाठी मी दोन तास उभी होते आणि अजून दोन तास उभी राहिले असते.

संध्याकाळी फुटाळा तलावावर थोडा वेळ थांबले. ढगांनी सूर्य लवकर गिळला, तीन फोटो मिळाले.

रात्री मावशीला चितार ओळीतले फोटो दाखवले. ती म्हणाली, "तान्ह्या पोळ्याला ये मग. मारबत पाहा लागते." तान्हा पोळा म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आणि मारबत म्हणजे मिरवणुकीने नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. काळी आणि पिवळी, दोन्ही मारबती इतवारीच्या गर्दीतून निघतात. परतीच्या एसटीत वही उघडली आणि पुढच्या पानावर लिहून ठेवलं : काळी मारबत, उणे एक. पिवळी, आधी करून पाहायचं.