आमची वाटचाल : फोंड्याचा छापखाना आणि आमचे बाबा

बाबा गेले त्याला आता आठ महिने होतील. वय 91. भेटायला आलेल्यांपैकी दोघातिघांनी तरी विचारले, "छापखाना तुम्ही ऑफसेट आलं तेव्हाच बंद केला ना?" ऑफसेट म्हणजे प्लेटवरून होणारी छपाई; आमचा छापखाना खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे जुळवून छापणारा. घरात सुतक होते, मी काही बोललो नाही. आता लिहितो. लॉकडाऊनचे दिवस सोडले तर आमच्या छापखान्याचे दार 1963 पासून रोज उघडते आहे. तो बंद पडला अशी बातमी कोणी पसरवली तेही आम्हाला ठाऊक आहे. नाव लिहिणार नाही; बाबांना ते आवडले नसते.

बाबा पंधराव्या वर्षी पणजीच्या एका छापखान्यात लागले. पोर्तुगिजांची अमदानी. छापायचे ते आधी सेन्सॉरला दाखवायचे, लग्नपत्रिकासुद्धा. शिक्का पडल्याशिवाय फर्मा, म्हणजे जुळवलेल्या मजकुराची चौकट, मशीनवर चढत नसे. ओले प्रूफ घेऊन जायचे आणि शिक्का मारून आणायचा, हे बाबांचे पहिले काम. तिथे बाकावर बसून ते तेच प्रूफ पुनःपुन्हा वाचायचे. सेन्सॉर आक्षेपार्ह मजकूर शोधायचा, बाबा चुका शोधायला शिकले. हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात आला, हे आम्ही धंद्यातले लोक अभिमानाने सांगतो. पण मनात येईल ते मराठीत छापून गावोगाव वाटायला 19 डिसेंबर 1961 उजाडावा लागला, हे बाबांचे वाक्य.

फोंड्याला आमचा छापखाना निघाला तो दोघांच्या भागीदारीत. भागीदारांना आम्ही पोरे काका म्हणायचो. बेळगावहून जुनी ट्रेडल, म्हणजे खिळ्यांचे छोटे छपाईयंत्र, आणली, अनमोड घाटातून, ट्रकमध्ये गवताच्या पेंढ्यांवर निजवून. त्याच वर्षी, 1963 च्या डिसेंबरात, गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि हँडबिलांनी रात्रीचा दिवस केला. 1967 च्या जानेवारीत सार्वमत आले. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने. बाबा फुलाचे. तरी दोन पानांची पत्रकेही आमच्याच मशीनवर निघाली. काका चिडले, तर बाबा म्हणाले, "छपाईला आलेल्या कागदाला पक्ष नसतो." मोजणीत 1,38,170 मते फुलाला आणि 1,72,191 पानांना पडली. बाबा त्या रात्री जेवले नाहीत, असे आई सांगायची. सकाळी मात्र त्यांनी फुलाचा आणि पानांचा असे चित्रांचे दोन्ही ब्लॉक (ठसे) रॉकेलने पुसून एकाच खोक्यात ठेवले.

मधली वीस वर्षे बरी गेली.

30 मे 1987 ला गोवा राज्य झाले. लेटरहेडांवरचे 'गोवा, दमण आणि दीव' गेले, पावतीपुस्तके बदलली, आणि वर्षभर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिथेच काकांच्या डोक्यात ऑफसेट शिरले. कर्ज काढू म्हणाले. बाबा म्हणाले, हे वर्ष दरवर्षी येणार नाही. मी तेव्हा काकांच्या बाजूने बोललो होतो, तेही इथे लिहिले पाहिजे. 1992 मध्ये काका वेगळे झाले. हिशेब चोख झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची आमची वही त्यांच्याबरोबर गेली, आणि दोन महिन्यांत दोनशे पावलांवर त्यांचा ऑफसेट सुरू झाला. सोसायट्या गेल्या, शाळा गेल्या, लग्नपत्रिका गेल्या. खिळ्यांचे छापखाने आता भंगारातच जाणार, असे ते आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना समोर बसवून सांगत.

1993 च्या पावसाळ्यात आमचे दोन्ही कंपोझिटर (खिळे जुळवणारे) एकाच आठवड्यात तिकडे गेले. मशिनमनचा पगार थकला. आईच्या बांगड्या गहाण पडल्या. भंगारवाला काटा घेऊन आला, कारण शिशाला भाव होता. बाबांनी इंग्रजी खिळे सगळे दिले. मराठीचा एकही दिला नाही. वजन होत होते तेव्हा ते आत जाऊन बसले.

त्या पौषात माशेलचे मास्तर आले. मालिनी पौर्णिमेच्या जत्रेच्या दिवसांतले त्यांचे नाटक, आणि त्याचे हँडबिल पहिल्या वर्षापासून आमच्याकडे. गुलाबी कागद, नाटकाचे नाव 36 पॉइंटात, पात्रे 16 त (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचे माप). मास्तरांच्या खिशात दुसऱ्या छापखान्याचा दर होता, आमच्यापेक्षा कमी. त्यांनी तो दाखवला, फाडला आणि म्हणाले, "म्हाका तुमचींच अक्षरां जाय." मला तुमचीच अक्षरे हवीत. पैसे सगळे आधी दिले. कंपोझिटर नव्हता, म्हणून साठीचे बाबा स्वतः केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खणांसमोर, उभे राहिले. यादीत पात्रे आणि कमिटी मिळून तीस नावे, आणि आमच्याकडे 16 पॉइंटचे 'श्री' फक्त बावीस. उरलेल्या आठ जणांना 12 पॉइंटचा श्री लावू, असे मी सुचवले. बाबांनी हातातली स्टिक, खिळे जुळवायची पट्टी, खाली ठेवली. "गावात राहायचं आहे त्यांना. कुणाचा श्री लहान होता कामा नये." बावीस नावे छापून झाली, मॅटर सोडले, म्हणजे जुळवलेले खिळे सुटे केले, त्याच श्रींनी उरलेली आठ जुळवली आणि हजार कागद दुसऱ्यांदा मशीनवर चढवले. उजाडले तेव्हा ते स्टुलावरच झोपले होते.

त्या स्टुलावर एरवी माझी मुलगी असायची, चार वर्षांची. कामे नव्हती, म्हणून आजोकडे नातीसाठी वेळच वेळ होता. तिला मुळाक्षरे त्यांनी खिळ्यांवर शिकवली. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, त्यामुळे शाळेत ती 'क' उलटा काढू लागली आणि बाईंनी चिठ्ठी पाठवली. बाबा दुसऱ्या दिवशी खिसाभर खिळे, शाई आणि कागद घेऊन शाळेत गेले आणि बाईंना छापून दाखवले. पुढे शाळा सुटताना ते रोज तिला आणायला जात, पावसात तिला छत्रीत घेऊन स्वतः भिजत येत. आल्यावर आधी तिचे पाय पुसायचे, मग चष्मा.

वाचवले आम्हाला त्या ट्रेडलनेच. पावतीपुस्तक ऑफसेटवर भराभर निघते, पण त्यावर नंबर टाकायला आणि फाडायची भोकरेषा पाडायला खिळ्यांचे मशीनच सोयीचे. गावातले ऑफसेटवाले नंबरिंग आमच्याकडे पाठवू लागले. एक दिवस काकांकडचा मुलगा गठ्ठा घेऊन आला. मी म्हणालो, परत ने. बाबांनी गठ्ठा सोडला, वरचा कागद वाचला, आणि 'सहकारी'चे 'सहकरी' झालेले त्यांना दिसले. नंबर न टाकता त्यांनी लाल पेन्सिलीने चूक दाखवून गठ्ठा परत पाठवला. दुरुस्त होऊन आला तेव्हा इतरांना लावायचे तोच दर लावला. काकांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. बाबांच्या तेराव्यालाही त्या घरातून कोणी आले नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

1998 मध्ये आम्हीही जुने एकरंगी ऑफसेट घेतले, कर्ज न काढता. पुढे मुलगी कॉलेज संपवून कॉम्प्युटरवर बसली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या दुकानांची बिलबुके नव्याने छापली आणि बाबा म्हणाले, "सत्याऐंशी साल परत आलं."

आज या धंद्यात येणाऱ्या मुलांना दोन गोष्टी सांगतो. पत्रिकेवरची तारीख, वार आणि तिथी पंचांगाशी ताडून पाहा, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी. बाबांनी अशा चुका किती पकडल्या याला गणती नाही, आणि त्यांतली एकही यजमानाने चारचौघांत सांगितलेली मी ऐकली नाही. आपल्याकडच्या पावसात कागदाचे रीम आदल्या दिवशी फोडू नका. हवा लागली की कडा लाटांसारख्या होतात आणि दुसरा रंग जागेवर बसत नाही. शाई लावायचे सरस-गुळाचे रोलर आषाढात कसे ओघळायचे हे तुम्ही पाहिलेले नाही, रबराचेही तितकेच जपा. आणि प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घेतलीत तरी वाचायचे तुम्हीच.

मास्तर आता नाहीत. यंदा हँडबिलाचा मजकूर त्यांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलीने प्रूफ काढले, कालनिर्णय उघडून तिथी पाहिली, पट्टी लावून ओळ न् ओळ वाचली. बाबांच्या खणात लाल पेन्सिलीचा अंगठ्याएवढा तुकडा राहिला आहे. तिने त्यानेच खाली 'छापा' असे लिहिले आणि कागद माझ्याकडे दिला. मी पुन्हा वाचला. चूक नव्हती. सातशे प्रती बुधवारी माशेलला गेल्या. एकतीस नावे, सगळ्यांचा श्री 16 पॉइंटचा.