हरेगावच्या वाटेवर आम्ही तिघी

हरेगावची मतमाऊली, म्हणजे तिथली मरियामाता, म्हटलं की श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती घरांत सप्टेंबर लागतो. 8 तारखेला मरियेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवसांचा नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, आणि मग यात्रा. शनिवारी पहाटे आम्ही तिघी चालत निघालो, सासूबाई, मी आणि माझी लेक. मागेपुढे गावातल्या बायका होत्या, टाळ होते, ढोलकी होती. नवस फेडायला निघालेली हिंदू कुटुंबंही होती. त्याचं इकडे कोणाला नवल वाटत नाही.

रात्री पाऊस झालेला. काळ्या मातीचा चिखल चप्पल सोडेना, म्हणून लेकीनं चपला हातात घेतल्या आणि आजीचा पहिला शेरा आला, "आता बरी चाललीस."

दोन्ही बाजूंनी ऊस. हा सगळा बेलापूर कंपनीचा मुलूख. 1919 साली कंपनी निघाली, हरेगावला साखर कारखाना झाला, मळे पुढे शेती महामंडळाकडे गेले. आता कारखाना बंद आहे. पण सासूबाईंची आई भोंग्यावर उठायची, भोंग्यावर भाकरी थापायची. "घड्याळ कोणाच्या घरी होतं गं? भोंगा झाला की नमो मरिये म्हणायचं आणि चुलीला फुंकर घालायची." त्या माउलीला अक्षर येत नव्हतं, पण नारायण वामन टिळकांची भजनं ओळीनं पाठ. टिळक प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. भजनाला कोण विचारतंय!

शनिवार म्हणजे रोझरीत, आमच्या जपमाळेत, आनंदाची रहस्यं, येशूच्या जन्म-बालपणाचे प्रसंग. दुसऱ्या रहस्यात मरिया डोंगराळ भागातल्या एलिझाबेथकडे जाते. दहा मण्यांचं दशक संपलं तशी लेक म्हणाली, "पोटुशी असून एवढं चालली?"

"दोघीही पोटुशा होत्या," सासूबाई म्हणाल्या. "एक पोरसवदा, एक म्हातारी. मरिया तीनेक महिने राहिली तिथं. पाहुणचार झोडायला नाही राहिली, पाणी भरलं असंल, दळलं असंल. लूकनं शुभवर्तमानात ते लिहिलं नाही, बाप्या माणूस तो!"

पुढच्या बायका वळून हसल्या. मी धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षं बसले, पण मरियेच्या हातात जातं कोणी दिलं नव्हतं. माझं मत विचाराल तर आमच्याकडचा विश्वास टिकला तो असल्या मधल्या गप्पांवर. प्रवचनं नंतर आली.

हरेगावात गर्दी दाटली. मेणबत्त्या घेतल्या, रांगेत उभ्या राहिलो. सासूबाई मतमाऊलीपुढे नावं घेतात, जिवंत आणि गेलेली, सगळी तोंडपाठ. या वेळी लेक ती मोबाइलवर टिपत होती. पणजीपाशी गाडी अडली.

"तुझ्या आईचं नाव काय गं, आजी?"

"बाई म्हणायचो आम्ही."

"ते नाही. खरं नाव."

सासूबाई गप्प. म्हणाल्या, "तुझ्या आजोबांनापण कधी विचारावं लागलं नाही बघ." लेक ऐकणाऱ्यातली नव्हती. तिनं रांगेतूनच राहात्याच्या मावशीआजीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. मागे भजनाचा दणका, त्यात मावशीचा खणखणीत आवाज, "कोणतं सांगू? घरचं का बाप्तिस्म्याचं? दोन होती तिला! आणि फोनवर कसलं विचारतीस, यात्रा झाली की घरी या तिघी. आमटी टाकते, मग सांगते."